विश्लेषण : ऑलिम्पिक रायफलवर दुर्बीण का नसते? आणि दुर्बिणीने नेम खरेच सुधारतो का?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना एक साधा प्रश्न पडला होता. त्या रायफलवर दांडे, वजने, पट्टे, नळकांडी असे सगळे काही दिसते. मग दुर्बीण कुठे आहे? चित्रपटात नेमबाज म्हटला की दुर्बीण आलीच. इथे मात्र ५० मीटरवरचे लक्ष्य हा मुलगा एका बारीक छिद्रातून पाहत होता. दुर्बिणीला नियमाने बंदी आहे, हे उत्तराचा अर्धाच भाग झाला. त्या छिद्राला जोडून बोटाने फिरवायच्या दोन छोट्या चकत्या असतात. तशाच दोन चकत्या महागड्या दुर्बिणीवरही असतात. या चकत्या काय करतात आणि काय करू शकत नाहीत, यातच अचूक नेमबाजीचे बरेचसे गुपित आहे.

५० मीटरवरचे लक्ष्य केवढे असते?

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. त्याच्या आत ५ मिलिमीटरचे आणखी एक वर्तुळ असते, त्याला ‘इनर टेन’ म्हणतात. समान गुण झाले तर तिथे किती गोळ्या लागल्या यावर क्रमांक ठरतो. डोळ्याला जो काळा गोल दिसतो तो ११२.४ मिलिमीटरचा, साधारण छोट्या बशीएवढा. आतले बटण नेमबाजाला दिसतच नाही. तो काळा गोल पाहतो आणि त्याचा मध्य मनाने धरतो.

वापरली जाणारी गोळी .२२ बोअरची, ५.६ मिलिमीटर व्यासाची. तिची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी तो गुण मिळतो. त्यामुळे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत भरकटला तरी दहा गुण मिळतात, त्यापुढे नऊ. आता हे ८ मिलिमीटर उलटे मोजत रायफलीपर्यंत या. पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर ८५ सेंटिमीटर धरले, तर दहा आणि नऊ यांच्यातील फरक रायफलच्या टोकाशी अवघा ०.१४ मिलिमीटर भरतो. दीड कागदाची जाडी. हृदयाचा एक ठोका एवढे सहज हलवतो.

मग दुर्बिणीला परवानगी का नाही?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलच्या साइटमध्ये भिंग किंवा भिंगांची रचना चालत नाही. डोळ्याला नंबर असेल तर नेमबाज स्वतःच्या चष्म्यात काच लावू शकतो, प्रकाश कमी करणारा फिल्टर साइटवर बसवू शकतो. लक्ष्य मोठे करून दाखवणारे काही नाही. गंमत अशी की, दुर्बीण ऑलिम्पिकमध्ये कधीच नव्हती असे नाही. ‘रनिंग टार्गेट’ नावाचा सरकत्या लक्ष्याचा प्रकार २००४ च्या अथेन्सपर्यंत ऑलिम्पिकमध्ये होता आणि त्यात दुर्बीण चालत असे. १० मीटरच्या या प्रकारात ती जास्तीत जास्त चार पट मोठे दाखवणारी असावी लागते. तो प्रकार गेला आणि त्याच्याबरोबर ऑलिम्पिकमधील दुर्बीणही गेली.

स्थिर लक्ष्याच्या रायफलमध्ये मागे ‘पीप साइट’ असते, म्हणजे मध्ये साधारण एक मिलिमीटरचे छिद्र असलेली चकती. पुढे नळीच्या टोकाला एक छोटा बोगदा आणि त्यात एक कडे. छिद्रातून पाहायचे, बोगदा छिद्राच्या मधोमध, कडे बोगद्याच्या मधोमध आणि काळा गोल कड्याच्या मधोमध. सगळी वर्तुळे एकात एक. माणसाच्या डोळ्याला वर्तुळात वर्तुळ बसवणे फार छान जमते; ताटाच्या मध्ये वाटी किंचित बाजूला सरकली तरी आपल्याला लगेच खटकते ना, तसेच. शिवाय बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि लांबचे एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. चष्मा घरी विसरलेला माणूस डोळे बारीक करून फलक वाचतो, त्यामागे हेच कारण असते.

दुर्बीण नेमके काय करते?

लोक समजतात की दुर्बिणीचे मुख्य काम मोठे दाखवणे. माझ्या मते तिचे खरे देणे वेगळे आहे. साध्या साइटमध्ये डोळ्याला मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य अशा वेगवेगळ्या अंतरावरच्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एकाच पातळीवर येतात. डोळ्याने एकच गोष्ट पाहायची. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागलेल्या माणसाला हा फार मोठा दिलासा असतो.

पण त्यासाठी दुर्बीण नीट लावावी लागते, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. डोळ्याजवळचे कडे फिरवले की आतली फुली स्पष्ट होते. हे काम आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे पाहून, एकेक क्षणाची नजर टाकत करायचे असते. टक लावून पाहत बसलात तर डोळाच धूसर फुलीशी जुळवून घेतो आणि तुम्हाला वाटते की काम झाले. दुसरी चकती बाजूला किंवा पुढच्या भिंगाभोवती असते, ती पॅरलॅक्सची. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली नेमक्या एका पातळीवर नसतील तर डोके थोडे इकडे-तिकडे झाले की फुली लक्ष्यावरून सरकताना दिसते. रिक्षात मागे बसून मीटरचा काटा पाहिला तर तो चालकाला दिसतो त्यापेक्षा वेगळ्या आकड्यावर दिसतो, तोच प्रकार. तपासण्याची पद्धत सोपी आहे. रायफल टेकूवर ठेवा, तिला हात न लावता डोके वर-खाली करा; फुली जागची हलली नाही तर चकती बरोबर आहे. चकतीवर छापलेल्या मीटरच्या आकड्यांपेक्षा या चाचणीवर भरवसा ठेवावा.

उरला प्रश्न मोठे दाखवण्याचा. मोठे दिसते तसा हातांचा कंपही मोठा दिसतो. चार पटीवर शांत वाटणारी रायफल सोळा पटीवर थयथयाट करते. रायफल तीच असते आणि हातही तेच असतात. कंप दिसला की नवखा नेमबाज फुली लक्ष्यावर येण्याची वाट पाहतो आणि आली रे आली की ट्रिगर ओढतो. त्या झटक्यात गोळी जाते भलतीकडे. उभे राहून नेम धरणाऱ्याने मोठेपणा कमी ठेवलेला बरा.

चकती एक ‘क्लिक’ फिरवली तर गोळी किती सरकते?

दुर्बिणीवर दोन चकत्या असतात. वरची गोळी वर-खाली नेते, बाजूची डावी-उजवीकडे. फिरवली की ‘टक’ असा आवाज येतो, तो एक क्लिक. हे माप कोनाचे असते. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. बहुतेक दुर्बिणींवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २९ मिलिमीटर, त्यामुळे एक क्लिक सात मिलिमीटरहून थोडा जास्त. ५० मीटरवर त्याच्या निम्मा. दुसरी पद्धत ‘मिल’ची. तिच्यात एक क्लिक ०.१ मिल असतो, तो १०० मीटरवर एक सेंटिमीटर आणि ५० मीटरवर पाच मिलिमीटर. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना मिल सोपी पडते.

पीप साइटचेही गणित तसेच. मागची साइट जितकी सरकते, त्याला लक्ष्याच्या अंतराने गुणायचे आणि दोन साइटमधील अंतराने भागायचे. ८५ सेंटिमीटरच्या रायफलवर मागची साइट एक मिलिमीटर सरकली तर ५० मीटरवर गोळी जवळपास सहा सेंटिमीटर सरकते. म्हणून तिचे क्लिक मिलिमीटरच्या काही शतांश भागांचे असतात. एक क्लिक ०.०५ मिलिमीटरचा असेल तर गोळी तीन मिलिमीटर हलते.

दिशेचा नियम एकच : मागची साइट गोळीला जिकडे न्यायचे तिकडे सरकवायची. पण चकतीवरील बाण पाहून फसू नका. काही साइटवर बाण ‘गोळी कुठे न्यायची’ ते दाखवतो, तर काही युरोपीय बनावटीच्या साइटवर ‘गोळी कुठे लागली’ ते. रायफल नवी असेल तर आधी मुद्दाम दहा क्लिक फिरवून एक गोळी मारायची आणि ती कुठे गेली ते पाहायचे, हा सर्वात स्वस्त उपाय.

गोळी चुकली की लगेच चकती फिरवावी का?

नाही. आणि अचूकतेचा विषय इथे खऱ्या अर्थाने सुरू होतो.

समजा रायफल घट्ट बसवली आहे, हातही बरा आहे. तरी पाच गोळ्या एकाच छिद्रातून जात नाहीत. त्यांचा एक पसारा होतो, त्याला रेंजवर ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुप कुठे पडला ही एक गोष्ट, ग्रुप केवढा आहे ही दुसरी. चकती फक्त पहिली गोष्ट बदलते. संपूर्ण ग्रुप उचलून दुसरीकडे नेऊन ठेवते. ग्रुप लहान करण्याची ताकद कोणत्याच चकतीत नसते, मग ती पाच हजारांच्या दुर्बिणीवरची असो की दोन लाखांच्या.

आता नवखा काय करतो? पहिली गोळी उजवीकडे गेली, त्याने चकती डावीकडे फिरवली. दुसरी खाली गेली, त्याने वर फिरवली. प्रत्येक गोळीचा पाठलाग. वरवर हे शहाणपणाचे वाटते, गणित मात्र उलटे सांगते. गोळ्या केवळ योगायोगाने इकडे-तिकडे जात असतील आणि प्रत्येक गोळीनंतर तुम्ही चुकलेल्या अंतराएवढी पूर्ण दुरुस्ती केली, तर पसारा कमी होत नाही, सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. कारण आता प्रत्येक गोळीत तिची स्वतःची चूक असते आणि आधीच्या गोळीच्या चुकीवर केलेली दुरुस्तीही असते. चकतीला हात न लावणारा आळशी नेमबाज या मेहनती नेमबाजाला हरवेल!

म्हणून रायफल ‘झिरो’ करताना, म्हणजे नेम आणि गोळी यांची गाठ घालताना, पाच गोळ्या एकाच नेमाने मारायच्या. लागतील तिथे लागू द्यायच्या. मग ग्रुपचा मध्य शोधायचा. तो समजा मध्यापासून १२ मिलिमीटर उजवीकडे आणि ६ मिलिमीटर खाली आला. क्लिक तीन मिलिमीटरचा असेल तर चार क्लिक डावीकडे, दोन वर. पुन्हा पाच गोळ्या. पाचाऐवजी दहा मारल्या तर मध्य अधिक भरवशाचा मिळतो. एक गोळी मारून झिरो करणारा माणूस नाणे एकदाच उडवून छापा-काट्याचे भाकीत करत असतो.

यापुढची पायरी अनुभवी नेमबाज आणि बाकीचे यांच्यातली सीमारेषा आहे. तिला ‘कॉल’ करणे म्हणतात. ट्रिगर सुटला त्या क्षणी साइटचे चित्र कसे होते हे नेमबाजाने डोळ्यांत पकडायचे आणि मॉनिटरकडे पाहण्याआधी मनात सांगायचे : ‘नऊ, चार वाजता.’ घड्याळाचे आकडे हीच रेंजवरील दिशा सांगण्याची भाषा. मग मॉनिटर पाहायचा. गोळी खरोखर तिथेच असेल तर रायफल बरोबर आहे, चूक तुमची आहे. चकतीला हात लावायचा नाही. तुम्ही ‘मधोमध दहा’ म्हणालात आणि गोळी मात्र नऊवर गेली, तीही पुन्हा पुन्हा त्याच बाजूला, तर चूक वाऱ्याची, प्रकाशाची किंवा साइटची आहे. तेव्हाच चकती फिरवायची. कॉल येण्यासाठी ट्रिगरनंतरही नजर साइटवर आणि गाल दस्त्यावर टिकावा लागतो, यालाच ‘फॉलो थ्रू’ म्हणतात. ट्रिगर सुटल्यावर गोळी नळीतून बाहेर पडायला काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात डोके उचलणाऱ्याची गोळीही उचलली जाते.

वारा गोळीला किती ढकलतो?

.२२ ची स्पर्धेची गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी वेगाने, सेकंदाला साधारण ३२५ मीटर जाते. ५० मीटर पार करायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतो. एवढ्या वेळात बाजूने सेकंदाला एक मीटर वाहणारा वारा तिला सहाएक मिलिमीटर बाजूला नेतो. हा वारा म्हणजे वादळ नव्हे, अगरबत्तीचा धूर आडवा होईल एवढीच झुळूक. तिने दोन मीटरचा वेग घेतला की मधोमध दहा असलेली गोळी थेट नऊवर.

आणखी एक गमतीदार गोष्ट. गोळी सरळ बाजूला सरकत नाही. नळीतील आट्यांमुळे ती उजवीकडे फिरत जात असेल, तर उजवीकडून आलेला वारा तिला डावीकडे आणि थोडा वर नेतो, डावीकडून आलेला उजवीकडे आणि थोडा खाली. वाऱ्याच्या दिवशी ग्रुप घड्याळातील दहा आणि चार या आकड्यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेत पसरतो. लक्ष्यावर अशी तिरकी रांग दिसली तर आधी झेंड्याकडे पाहावे. ५० मीटरच्या रेंजवर नेमबाज आणि लक्ष्य यांच्यामध्ये कापडाच्या अरुंद पट्ट्यांचे झेंडे त्यासाठीच लावलेले असतात.

वाऱ्यावर दोन उपाय. एक, दर वेळी क्लिक फिरवत राहणे. दोन, एका ठरावीक वाऱ्यासाठी साइट लावायची आणि झेंडा तसाच फडकेल तेव्हाच गोळी मारायची. वारा बदलला की रायफल खाली घेऊन थांबायचे. पात्रता फेरीत ६० गोळ्यांसाठी ९० मिनिटे असतात, त्यात दोनदा पोझिशनही बदलायची असते. थांबणे फुकट नसते. पण चुकीच्या वाऱ्यात मारलेली गोळी त्याहून महाग पडते.

रायफल तिरकी झाली तर?

ही चूक दुर्बीणवाल्यांना आणि पीपवाल्यांना सारखीच छळते आणि कित्येकांना ती वर्षानुवर्षे कळतही नाही. ५० मीटरच्या प्रवासात गोळी साधारण १२ सेंटिमीटर खाली पडते. म्हणून साइट अशी लावलेली असते की, नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली राहते. रायफल एका बाजूला पाच अंश कलली तर ही ‘वर’ची दुरुस्ती थोडी बाजूला वळते आणि गोळी त्या बाजूला सुमारे एक सेंटिमीटर जाते. दहाचा नऊ व्हायला तेवढे पुरे. डोळ्यासमोर वर्तुळात वर्तुळ अगदी बरोबर बसलेले असते, म्हणून नेमबाज क्लिक फिरवतो; पुढची गोळी सरळ रायफलने सुटते आणि दुसऱ्या बाजूला चुकते. यासाठीच पुढच्या साइटमध्ये पाण्याची छोटी लेव्हल बसवतात, गवंड्याकडे असते तशीच. काही नेमबाज रायफल मुद्दाम थोडी तिरकी धरतात, कारण त्यांची मान तशी सैल राहते. त्यालाही हरकत नाही, फक्त प्रत्येक गोळीला तेवढीच तिरकी हवी.

तीन पोझिशनमध्ये साइट एकच राहते का?

राहत नाही. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून डोके दस्त्यावर वेगवेगळ्या जागी टेकते. खांद्यावरचा दाब बदलतो, रायफलचा धक्काही वेगळ्या दिशेने जातो. म्हणून प्रत्येक पोझिशनचे क्लिक वेगळे असतात आणि नेमबाज ते वहीत लिहून ठेवतात : रेंज, तारीख, प्रकाश, गोळ्यांचा लॉट, अमुक क्लिक वर, तमुक डावीकडे. पोझिशन बदलली की वहीतला आकडा लावायचा, दोन-चार सरावाच्या गोळ्या मारायच्या आणि मग मोजणी सुरू.

स्वप्निलचे पात्रता फेरीतील आकडे या नजरेने पाहा. गुडघ्यावर बसून २०० पैकी १९८, झोपून १९७, उभे राहून १९५. एकूण ५९०, इनर टेन ३८ आणि सातवा क्रमांक. अंतिम फेरीत आठच जण जातात. त्याचा सहकारी ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरने ५८९ केले आणि तो अकरावा आला. ६० गोळ्यांत एका गुणाचा फरक. एखाद्या गोळीने ओलांडलेली ती आठ मिलिमीटरची रेषा. ऐश्वर्य कमी दर्जाचा नेमबाज आहे असे यातून कोणी समजू नये.

अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, म्हणजे दहाच्या आतही १०.० ते १०.९ असा फरक पडतो. ५० मीटरवर ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. गुडघ्यावर आणि झोपून झाल्यावर स्वप्निल ३१०.१ गुणांसह पाचव्या स्थानावर होता. उभ्या पोझिशनच्या पहिल्या दहा गोळ्यांत त्याने १०१.५ गुण घेतले आणि तो तिसरा झाला. मग एकेक गोळी, एकेक जण बाहेर. त्याच्या शेवटच्या चार गोळ्या : १०.५, ९.४, ९.९, १०.०. ती ९.४ ची गोळी मध्यापासून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास गेली होती. उभ्या पोझिशनमध्ये पट्टा वापरता येत नाही, सगळा भार हाडांच्या सांगाड्यावर तोलायचा असतो. तिथे अशी एखादी गोळी जातेच. ती गेल्यावर पुढच्या दोन गोळ्या ९.९ आणि १०.० लागल्या आणि ४५१.४ गुणांवर कांस्य आले. सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या लिउ युकुनचे ४६३.६ होते, युक्रेनच्या सेर्ही कुलिशचे ४६१.३.

स्वप्निलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच थ्री पोझिशन प्रकारात भाग घेतला होता. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवले होते. या सगळ्यांच्या रायफलवर पीप साइटच होती.

चकतीच्या पलीकडचे काय?

अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स हे याचे सर्वात क्रूर उदाहरण. अथेन्समध्ये याच प्रकारात तो शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. शेवटची गोळीही त्याने व्यवस्थित मारली, पण शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर! शून्य गुण आणि थेट आठवा क्रमांक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा शेवटच्या गोळीला तो पुढे होता. नेम पूर्ण बसण्याआधीच ट्रिगरवर बोट टेकले आणि ४.४ गुण आले, चौथा क्रमांक. त्याच्या साइटमध्ये दोन्ही वेळी काडीचाही दोष नव्हता.

नव्याने रेंजवर जाणाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

आधी कायद्याचे. .२२ रायफलला शस्त्र परवाना लागतो. म्हणून बहुतेक मुले १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करतात, स्पर्धेच्या ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या आणि मर्यादित ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तिथे दहाचे वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे वाक्याच्या शेवटी असलेल्या पूर्णविरामाएवढे असते. छतावर दुर्बीण लावून पक्ष्यांवर ‘सराव’ करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे.

मुलाला क्लबात घातल्यावर पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणती साइट घेऊ?’ सुरुवातीला क्लबाच्या रायफलवरची साइट पुरते. पैसे खर्च करायचेच असतील तर अंगाला नीट बसणाऱ्या जॅकेटवर आणि चांगल्या गोळ्यांवर करावेत. एकाच कंपनीच्या गोळ्यांचे वेगवेगळे लॉट एकाच रायफलमधून वेगवेगळे ग्रुप देतात. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंजात पकडून लॉट तपासतात आणि ज्याचा ग्रुप लहान येतो त्याच गोळ्या घेऊन ठेवतात.

साइटआधी शिकायची गोष्ट म्हणजे स्वतःच्या शरीराचा नैसर्गिक रोख. पोझिशन घ्या, लक्ष्यावर नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. नेम बाजूला सरकलेला दिसला तर तो हातांनी ओढून जागेवर आणायचा नाही. उभे असाल तर मागचा पाय थोडा सरकवायचा, झोपला असाल तर डाव्या कोपराभोवती सगळे शरीर वळवायचे. मग पुन्हा डोळे मिटायचे. हातांनी ओढून आणलेला नेम ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी परत जातो आणि गोळी त्याच्यामागे जाते.

दुसरी गोष्ट कोरा सराव. गोळी न भरता घरातल्या भिंतीवर काळा ठिपका लावून ट्रिगर दाबण्याचा. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून घ्यायचे. गोळी सुटत नाही, धक्का बसत नाही, म्हणून ट्रिगरच्या क्षणी साइट कुठे हलली ते स्वच्छ दिसते. रोज वीस मिनिटे, वही शेजारी. प्रत्येक वेळी आधी कॉल, मग नोंद : ‘दोन वाजता’, ‘मधोमध’, ‘आठ वाजता, बोट घाईत’. महिन्याभराने वही उघडली की कोणता आकडा जास्त वेळा आला आहे ते दिसते. त्याच बाजूच्या चुकीवर पुढचा महिना काम करायचे, आणि तोवर साइटच्या चकत्यांना हात लावायचा नाही.